हिरवा बलक

आमच्या घरात दोन चुली होत्या आणि दोन्ही एकाच भिंतीला टेकलेल्या होत्या. एक आईची, एक आत्याची. भांडण होऊन वेगळ्या झालेल्या नव्हत्या त्या. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि आमच्याकडे सणासुदीला कोंबडं शिजायचं, अंडं तर नेहमीचंच; तेव्हा तिची चूल निराळी असणं ओघानंच आलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माती कालवून दिली आणि आत्यानं स्वतःच्या हातानं ती चूल घातली, असं मला सांगितलेलं आठवतं. सकाळी दोन्ही चुलींपाशी भाकऱ्या थापल्या जायच्या. आईच्या भाकरीची थाप जलद आणि जोरकस. आत्याची हळू, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारी, कारण ती भाकरी थापताना अभंग पुटपुटायची आणि ओळ विसरली की हात थांबायचा. डोळे मिटून पडल्या पडल्या मला कोण भाकरी करतंय ते कळायचं.

घर सोलापूरच्या कडेला होतं, होटगीकडे जाणाऱ्या रुळांना लागून. परसाच्या बाभळीपलीकडे रूळ, रुळांपलीकडे ज्वारीची काळी रानं. दिवस उजाडायचा तो गिरणीच्या भोंग्यानं. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की फळीवरची भांडी किणकिणायची, तिकडं आमचं कुणाचं लक्षही नसायचं. अण्णा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. हंगामात ते घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांवरच्या केसांवर कापसाचं पांढरं तूस बसलेलं असायचं. आत्या उंबऱ्यातच त्यांना उभं करून पदरानं ते झटकायची. ती त्यांच्याहून बरीच मोठी. आईवेगळ्या भावाला तिनंच वाढवलं होतं. तिचं लग्न माळशिरसला झालं, नवरा लवकर गेला, आणि अण्णा कमवते झाले तसे पहिलं काम त्यांनी कुठलं केलं असेल तर बहिणीला घरी आणलं. आई लग्न होऊन आली तेव्हा घरात आत्या होतीच. आई तिला ‘वन्सं’ म्हणायची. तिच्यासमोर पदर सरकू द्यायची नाही आणि तिच्याशी मोजकंच बोलायची. दोघी वाईट नव्हत्या. एकमेकींना जपून असायच्या, इतकंच.

मी मराठी चौथी करून घरी बसले होते. त्या वर्षी पाऊस सरताना आमच्याकडे पांढऱ्या कोंबड्या आल्या. गावात बायकांचा एक दवाखाना होता. तिथलं स्वयंपाकघर रूथबाई नावाच्या नर्सबाई सांभाळायच्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, अंगानं किरकोळ आणि बोलायला अगदी स्वच्छ. आई त्यांना आमच्या गावठी कोंबड्यांची अंडी द्यायची. बाळंतिणींना, अशक्त बायकांना रोज एक अंडं देण्याचा तिथे नियम होता आणि गावठी अंडी पुरत नव्हती. मग कुणीतरी दवाखान्याला विलायती कोंबड्या दिल्या. दवाखान्यात त्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून रूथबाईंनी आईलाच विचारलं, “अनसूयाबाई, तुम्ही सांभाळाल का? अंडी दवाखान्याला. पिलं झाली तर तुमची.” आई हो म्हणाली. टांग्यातून खुराडं उतरलं आणि त्यातून त्या बाहेर आल्या, धुतल्यासारख्या पांढऱ्या, तांबडे तुरे एका बाजूला कललेले. गावठी कोंबड्यांतली आमच्याकडे उरलेली एकुलती काबरी त्यांना बघून भिंतीवर चढून बसली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

या कोंबड्या दिसायला देखण्या, पण उकरून खायचं त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. गावठी कोंबडी दिवसभर उकिरडा, गोठा, बांध पालथा घालते. किडा, गांडूळ, नाकतोडा काही सोडत नाही. या मात्र खुराड्यापाशी उभ्या राहून माणसाची वाट बघायच्या. नुसती ज्वारी टाकली तर खायच्या, पण अंडं एक दिवस द्यायच्या आणि मग कितीतरी दिवस नाही. रूथबाईंनी आईला समजावून सांगितलं. अंड्यात जे असतं ते कोंबडीच्या पोटात आधी जायला हवं, नुसत्या दाण्यावर ते होत नाही. मांसमच्छीचं काहीतरी लागतं. विलायतेत मासळीची पूड घालतात, तुम्ही सुकट घाला. आज माझा पुतण्या कोंबड्या पाळतो. त्याच्याकडे गाडीनं पोती येतात, पोत्यावर आत काय काय आहे ते छापलेलं असतं आणि तो ते मोठ्यानं वाचून दाखवतो. मला हसू येतं. रूथबाईंनी आईला जे दोन वाक्यांत सांगितलं होतं, तेच त्या पोत्यावर असतं.

सुकट आली. कोकणातून रेल्वेनं यायची, बाजारात एका कोपऱ्यात पोती मांडून विकायचे. आई ती भाजून, कुटून कोंड्यात मिसळायची. कोंबड्या तुटून पडल्या. आठवड्याच्या आत टोपली भरू लागली. पण सुकट भाजण्याचा वास घरभर, परसभर, वाळत घातलेल्या लुगड्यांतसुद्धा. आत्यानं आपली चूल पेटवणं बंद केलं. सकाळी गूळ आणि शेंगदाणे तोंडात टाकायचे, तांब्याभर पाणी प्यायचं की झालं. आईनं पहिल्यांदा लक्ष दिलं नाही, मग एकदा भाकऱ्यांची दुसरी थाप ऐकू येत नाही हे तिच्या ध्यानात आलं.

“वन्सं, जेवत का न्हाईसा?” तिनं विचारलं.

“घास उतरत न्हाई, अनसे. तुजा काय दोष न्हाई. कोंबड्यांचं त्येंच्या धर्मानं चाललंय, माजं माज्या.”

आईनं उरलेली सुकट त्याच दिवशी शेजारच्या कोंडाबाईला देऊन टाकली. त्यात उपकार केल्याचा भाव नव्हता. उलट ती जरा चिडलेलीच होती. भांडी घासताना ती राखेची मूठ जोरानं आपटत होती. पण सुकट पुन्हा घरात आली नाही.

मग आईनं आपल्या माहेरची युक्ती काढली. जुनं मडकं घ्यायचं, त्यात ओलं शेण, काडीकचरा, गोणपाटाचे तुकडे भरायचे आणि वाळवीची वाट जिथे दिसेल तिथे ते पालथं घालून ठेवायचं. एकदोन दिवसांत मडकं आतून वाळवीनं भरून जातं. ते उचलून कोंबड्यांपुढे आपटायचं. हे काम माझ्याकडे आलं. रुळांच्या कडेला जुन्या लाकडी स्लीपरांचा ढीग होता, त्याच्या बुडाशी मी मडकी लावायची. पालथं मडकं उचलताना आतून एक बारीक सळसळ ऐकू यायची, वाळक्या पानावर भुरभुर पाऊस पडावा तशी. मी मडकं घेऊन येताना दिसले की त्या पांढऱ्या कोंबड्या पंख पसरून माझ्याकडे धावत यायच्या. मला त्या वयात माझी वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे मला ते फार आवडायचं. आत्याला वाळवीचंही बरं वाटत नव्हतं, पण ती चूल पेटवायला लागली होती. मी मडकं आपटायला लागले की ती तोंड वळवून तुळशीकडे जायची.

दिवाळीनंतर जमीन वाळली, थंडी पडली आणि वाळवी खोल गेली. मडकी रिकामी निघू लागली, तशी टोपलीही रिकामी होऊ लागली. तेव्हा अण्णांनी तोड काढली. जिनात कापूस निघाला की सरकी उरते. शेजारच्याच घाण्यावर तिचं तेल काढायचे आणि पेंड म्हशींना जायची. फुटकी पेंड कामगारांना नेऊ द्यायचे. अण्णा रोज येताना फडक्यात बांधून आणू लागले. आत्याला तिचं काहीच वावडं नव्हतं. झाडाचं बी ते. उलट संध्याकाळी ती स्वतः वरवंट्यानं पेंड फोडून द्यायची. आई ती भिजवून ज्वारीच्या कोंड्यात कालवायची. पांढऱ्या कोंबड्या पुन्हा रोज अंडी देऊ लागल्या. काबरीला मात्र त्या भांड्यापाशी येऊ द्यायच्या नाहीत, टोचून हाकलायच्या. ती बिचारी आपली उकिरड्यावर. त्या थंडीत आमच्या घरात सगळं सुरळीत होतं. दोन्ही चुली पेटत होत्या. आत्यानं हुरड्याची कणसं भाजली की एक मूठ आईच्या परातीत टाकायची, आणि आई आपल्या शेंगाच्या चटणीची वाटी तिच्याकडे सरकवायची, अर्थात अंड्याचा हात धुऊन.

नाताळ जवळ आला. रूथबाई दवाखान्यातल्या बायकापोरांसाठी केक करायच्या. त्यासाठी त्यांनी अंडी साठवायला घेतली. ओल्या वाळूत पुरलेल्या माठात ती ठेवायच्या. एरवी आमची अंडी गेली त्या दिवशीच उकडून खाल्ली जायची, साठवण्याची ही पहिलीच वेळ. नाताळच्या दोन दिवस आधी दवाखान्याचा शिपाई आला. “बाईंनी ताबडतोब बोलावलंय,” एवढंच म्हणाला. आई मला घेऊन गेली.

रूथबाईंनी आमच्यासमोर एका पांढऱ्या ताटलीत अंडं फोडलं. तो रंग मी अजून विसरलेले नाही. बलक हिरवा होता. कलई उडालेल्या तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो, तसा मळकट हिरवा. आणि भोवतालच्या पांढऱ्यात फिकट गुलाबी झाक. दुसरं फोडलं, तसंच. तिसरं फोडलं, तसंच. वास कसलाच नव्हता.

“अनसूयाबाई, तुमच्यावर माझा संशय नाही,” रूथबाई म्हणाल्या. “पण हे काय आहे ते मला कळत नाही. आणि वॉर्डातल्या बायकांनी पाहिलंय.”

आईचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, “ह्येच उकडून द्या मला.” रूथबाई नको नको म्हणत होत्या, पण आईनं स्वतःच चुलीवर पातेलं ठेवलं, तसलंच एक अंडं उकडलं, मीठ लावून उभ्या उभ्या खाल्लं आणि पाणी प्यायली. दारात दोनतीन आया उभ्या राहून बघत होत्या. “इख असंल तर मला हुईल,” आई म्हणाली. तिला काही झालं नाही. पण अंडी परत आली. रूथबाईंचाही इलाज नव्हता, हिरवं अंडं बाळंतिणीला कसं वाढणार?

मी परत आणलेली अंडी परसात एक एक करून फोडत होते. सगळी हिरवी. आणि मध्येच एक पिवळंधमक. थोड्या वेळानं आणखी एक. मी टरफलं उचलून बघितली. पिवळ्यांची टरफलं तांबूस होती, लहान होती. ती काबरीची होती. त्याच टोपलीत गेलेली, त्याच माठात राहिलेली. मी धावत जाऊन आईला सांगितलं, “आई, काबरी पेंड खात न्हाई. पेंडीनंच हुतंय ह्ये.”

आईनं मान हलवली, पण त्या दिवशी तिचं लक्ष दुसरीकडे होतं. कारण कोंडाबाई येऊन बसली होती आणि हळू आवाजात बोलत होती. “मी म्हन्ती, पेंड तर म्हशी बी खात्यात की. दूध हिरवं हुतं का? कोंबड्यांवर कुनाचा राग हुता, सांग बरं? सुकटीपायी जेवन कुनी सोडलं? आन् आता पेंड कुनाच्या हातची जाती पोटात?” तिनं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. आत्या भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होती, आणि तिच्या सुपाचा आवाज थांबला होता.

सरकीची पेंड मात्र आईनं बंद केली. तेल्याकडून भुईमुगाची पेंड आणली. आठवडाभर थांबून मी साठवलेली अंडी फोडली. हिरवी. पुन्हा आठवडा गेला. तरी हिरवीच. आज पुतण्याला विचारलं तर तो सांगतो, सरकीत एक द्रव्य असतं, त्यानं साठवून ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवा होतो, आणि ते कोंबडीच्या अंगातून निघून जायला दिवस लागतात. तेव्हा हे आम्हाला कोण सांगणार? संक्रांतीला तिळगूळ घेऊन बायका आल्या, पण आत्याच्या हातावर कुणी तीळ ठेवले नाहीत आणि तिच्या हातचे कुणी घेतले नाहीत. तिच्या ताटलीतले तीळ तसेच राहिले. आईनं ते बघितलं. मी आईकडे बघत होते. तिनं पुढे होऊन चिमूटभर तीळ उचलायला हवे होते. तिचा हात उचलला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यानं आपलं बोचकं बांधलं. अण्णा जिनात निघाले होते, ते उंबऱ्यातच थांबले.

“आक्का, ह्ये काय?”

“माळशिरसला जाती. दीर कवापासनं बलवतुया.”

“कुनी काय बोललं का तुला?”

“कुनी काय बोललं न्हाई,” आत्या म्हणाली. “म्हनून तर जाती.”

अण्णांनी आईकडे पाहिलं. आई चुलीपाशी खाली मान घालून बसली होती, लाकूड पुढे सारत होती. अण्णा स्वभावानं मवाळ. बहिणीचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, तो त्या दिवशीही मोडता आला नाही. ते तिला स्टेशनवर पोहोचवून आले आणि कामावर गेले. संध्याकाळी उंबऱ्यात आले, भुवयांवर कापसाचं तूस तसंच. थोडा वेळ उभे राहिले, मग स्वतःच धोतराच्या सोग्यानं पुसून आत आले.

आणि पुढच्या आठवड्यात अंडी पिवळी निघाली.

सगळीच्या सगळी. मी फोडत गेले आणि पिवळी निघत गेली. आनंद व्हायला हवा होता. कोंडाबाई आमच्या परसात उभी होती, तिनं दोन्ही हात जोडून आभाळाकडे बघितलं. “बगितलंस? गेली आन् सुटलं.” नळावर, गल्लीत, दवाखान्याच्या आयांपर्यंत ही गोष्ट त्या दिवशीच पोहोचली. रूथबाईंनी अंडी पुन्हा घ्यायला सुरुवात केली. रात्रीच्या जेवणाला अण्णांनी भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवून उठले.

“शेवंते,” आई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. “तू म्हनलीस पेंड. पन पेंड बंद केली तरी हिरवी हुती. वन्सं गेल्या आन् पिवळी झाली. आता मी काय समजू?”

“पेंड उशिरा उतरली असंल अंगातनं,” मी म्हणाले.

“असंल. पन कळायचं कसं?”

तेव्हा मला ते सुचलं. आता इतक्या वर्षांनी वाटतं, कसं काय सुचलं असेल? मी म्हणाले, “दोन कोंबड्या डालग्याखाली कोंडून घालू. त्यास्नी सरकीची पेंड पुन्यांदा सुरू करू. आत्या तर माळशिरसात हाय.”

आईनं मुठीतले उरलेले दाणे टाकून हात झटकले. चांगल्या कोंबड्यांची अंडी मुद्दाम नासवायची आणि ती कशासाठी, तर आपलं मन चुकलं होतं हे सिद्ध करायला. पण ती दुपारी दवाखान्यात गेली आणि रूथबाईंना सगळं सांगून आली. लपवलं नाही. रूथबाई म्हणाल्या, “करा. त्या दोघींची अंडी मला देऊ नका, आणि जे होईल ते मला दाखवा. मलाही बघायचंय.”

परसात एका बाजूला दोन कोंबड्या डालग्याखाली, म्हणजे मोठ्या पालथ्या टोपलीखाली, बाकीच्या मोकळ्या. सरकीची पेंड फोडायला आता आत्या नव्हती, आईच वरवंटा घेऊन बसायची. रूथबाईंच्यासारखाच एक माठ आम्ही न्हाणीमागच्या ओल्या वाळूत पुरला. दोघींची अंडी एका फडक्यात, बाकीच्यांची दुसऱ्या. आई रोज माठावरचं झाकण उचलून बघायची, जसं काही टरफलातून आतलं दिसणार होतं. घर शांत होतं, एकाच थापेचं. भोंगा व्हायचा, गाड्या जायच्या, आणि आत्याची चूल गार पडलेली असायची. आई ती रोज सारवायची. वापरात नसलेली चूल सारवायचं कारण नव्हतं, मी विचारलंही नाही.

शिमगा होऊन गेल्यावर एका सकाळी आईनं कोंडाबाईला आणि नळावरच्या बायकांना हाक मारली. रूथबाईही आल्या होत्या. त्या बाभळीखाली छत्री टेकवून उभ्या राहिल्या. आईनं मध्ये परात ठेवली. आधी मोकळ्या कोंबड्यांची अंडी फोडली. पिवळी. मग डालग्याखालच्यांची. पहिलं फुटलं आणि परातीच्या एका बाजूला हिरवा बलक पसरला. दुसरंही हिरवं. तिसरंही.

बायका परातीवर वाकल्या. मग कोंडाबाई म्हणाली, “करनी लांबनं बी हुती म्हन्त्यात.”

“मग बाकीच्या कोंबड्यास्नी का सोडलं त्येंनी?” आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “माळशिरसात बसून त्येंनी डालगं हुडकून काडलं व्हय? कोंडाबाई, ह्या दोगी सरकी खात्यात. त्या खात न्हाईत. बास. आन् म्हशीचं दूद पांढरं हाय त्ये म्हशीला इचारा.”

एक म्हातारी हसली, मग दुसरी. कोंडाबाईनं परातीत बोट बुडवून बघितलं, वास घेतला, पुटपुटली, “सरकीच की मग,” आणि घागर उचलून गेली. त्यानंतर या विषयावर ती कधी काही बोलली नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. रूथबाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. “आता काय करणार?” त्यांनी विचारलं.

“आनाय जाती,” आई म्हणाली.

अण्णा जायला तयार होते. आई म्हणाली, “तुमी गेलासा तर त्या तुमच्यापायी येतील. मलाच जाया पायजे.” आई आयुष्यात सोलापूरबाहेर एवढ्या लांब एकटी कधी गेली नव्हती. मला बरोबर घेतलं. कुर्डुवाडीला गाडी बदलली, लहान गाडीनं पंढरपूर, तिथून सर्व्हिस मोटारीनं माळशिरस. मोटारीत बसून आईनं दोन्ही हातांनी पुढची फळी गच्च धरली होती. वाटेत आम्ही धपाटे खाल्ले. ती एकदाच बोलली. “शेवंते, तितं गेल्यावर मला काय बोलायचं सुचलं न्हाई तर तू बोल.” मी हो म्हणाले, आणि मोटार थांबेपर्यंत मनात वाक्यं जुळवत राहिले.

आत्याच्या दिराचं घर उसाच्या फडाला लागून होतं. मला वाटलं होतं, आत्या तिथे कोपऱ्यात खंगून बसलेली असेल. तसं काही नव्हतं. ती पडवीत बसून दिराच्या नातवाला गूळभाकरीचा काला भरवत होती. अंगानं भरली होती. दिराची सून तिला हौसेनं, सासूला म्हणतात तसं, ‘आत्यासाब’ म्हणत होती. त्यांना ती हवी होती, हे बघताच कळत होतं. तिला परत येण्याची काही गरज नव्हती.

आम्ही हातपाय धुतले, पाणी प्यालो. मी माझी जुळवलेली वाक्यं सांगायला सुरुवात केली, डालगं, दोन कोंबड्या, परात. आत्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, “काबरीची पिवळी निगाली म्हनून ध्यानात आलं व्हय तुज्या?” आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मग ती आईकडे वळली.

“अनसे, लोकांचं मला काय न्हाई. लोक बोलत्यात. पन तुला बी वाटलं हुतं न्हवं? मीच काय तरी केलं म्हनून?”

मी आईकडे बघितलं. नाही म्हण, मी मनातल्या मनात म्हणत होते. एक शब्द. नाही म्हटलं की सगळं मिटेल.

आईनं पदर सारखा केला. “व्हय,” ती म्हणाली. “वाटलं हुतं. तुमचं तीळ ताटलीत तसंच ऱ्हायलं, तवा माजा हात उचलला न्हाई. आन् तुमी गेल्यावर बलक पिवळा निगाला तवा तर लईच वाटलं. पोरीनं हट्ट धरला नसता तर अजून बी वाटत असतं.”

काला संपला म्हणून ते पोर आत्याचा पदर ओढत होतं. आत्यानं त्याचं तोंड पुसलं, त्याला खाली ठेवलं, हात धुतले. हे सगळं ती अगदी सावकाश करत होती आणि मला वाटत होतं, आता ती आम्हाला जेवू घालून मोटारीत बसवून देणार.

“न्हाई म्हनली असतीस तर आले नसते,” ती म्हणाली. “आयुष्यभर मला वाटत ऱ्हायलं असतं, हिच्या मनात काय हाय. आता ठावं झालं. हुतं, आन् गेलं.” मग आत हाक मारून दिराच्या सुनेला म्हणाली, “माजं बोचकं काड गं. उद्याच्या मोटारीनं निगती.”

आई रडली ती तेव्हा, उघड, पदर तोंडाला न लावता. आत्या तिच्याजवळ बसली. समजूत वगैरे घातली नाही, नुसती बसून राहिली. दोघींच्या मध्ये हातभर अंतर असायचं ते त्या दिवशी नव्हतं.

आत्या पुढे आमच्याच घरी राहिली, शेवटपर्यंत. माळ कधी उतरली नाही, चूल कधी एक झाली नाही. अंड्याला तिचा हात कधी लागला नाही. पण घरात एक बदल झाला तो कायमचा. आई तिच्याशी बोलायला लागली. मोजकं नव्हे, भरपूर. कधी वाद घालायची, कधी तक्रार करायची, एकदा तर मी दोघींना परसात तावातावानं भांडतानाही ऐकलं. विषय कोंबड्यांचाच होता, भुईमुगाची पेंड किती भिजवायची हा. आत्या म्हणत होती जास्त, आई म्हणत होती कमी. अण्णा जिनातून आले होते आणि बाभळीखाली उभे राहून ऐकत होते, आत यायचं विसरून.